‘पद्मश्री’ नावाच्या आधी लिहायचं की नंतर?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची निमंत्रणपत्रिका मी करत होतो. प्रमुख पाहुण्यांना पद्मश्री मिळालेली. त्यांच्या नावाआधी ठळक अक्षरांत ‘पद्मश्री’ टाकलं, प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि चहा घ्यायला बसलो. चहा संपायच्या आत त्यांचाच फोन.

“तेवढं पद्मश्री काढा हो नावापुढचं.”

मला वाटलं विनय असेल. मोठी माणसं असं म्हणतातच. मी आपलं “अहो, असू द्या ना, शोभून दिसतंय” असं काहीतरी बोललो. ते म्हणाले, “शोभायचा प्रश्न नाही, नियमाचा आहे. ते नावाला चिकटवायचं नसतं.”

समितीतल्या एकाने लगेच तोड काढली. आधी चालत नसेल तर नावानंतर कंसात टाकू. तेही चालत नाही. आमची पत्रिका शेवटी साध्या नावाने छापली गेली आणि वर्गणी देणाऱ्या दोघांनी “एवढा मोठा माणूस बोलावलात आणि पद्मश्री लिहायला विसरलात?” असं सुनावलंही. त्या रात्री मी पद्म पुरस्कारांचे नियम शोधून वाचले. वाचत गेलो तसं लक्षात आलं की दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी आपण ज्या यादीत आपल्या गावचं, जिल्ह्याचं कुणी आहे का ते बघतो, तिच्याबद्दल आपल्याला फारसं काही ठाऊकच नसतं.

नावाला का चिकटवायचं नाही, इथूनच सुरुवात करतो, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

इंग्रजांच्या काळात सरकारशी जुळवून घेणाऱ्या, किंवा खरोखर काही काम केलेल्या, माणसांना किताब मिळत. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, आणि सगळ्यांत वर ‘सर’. किताब मिळाला की तो नावाचाच भाग व्हायचा. दारावरच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यात. आमच्या गावात एका वाड्याला अजून ‘रावबहादुरांचा वाडा’ म्हणतात. रावबहादूर कोण होते आणि त्यांनी काय केलं होतं, ते आता कुणाला सांगता येत नाही, पण किताब टिकून आहे. नव्या प्रजासत्ताकाला ही उतरंड नको होती. म्हणून राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदात स्वच्छ लिहिलं गेलं की सैनिकी किंवा विद्याविषयक मानचिन्ह वगळता राज्य कुणालाही किताब देणार नाही. म्हणून ‘मेजर’ चालतं, ‘डॉक्टर’ चालतं, ‘रावबहादूर’ चालत नाही.

आता गंमत बघा. घटना लागू झाली १९५० साली आणि २ जानेवारी १९५४ रोजी सरकारनेच दोन सन्मान सुरू केले, भारतरत्न आणि पद्मविभूषण. पद्मविभूषणाचे तेव्हा तीन वर्ग होते आणि त्यांची नावंही पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग अशीच होती. जणू आगगाडीचे डबे. पहिल्याच वर्षीच्या पहिल्या वर्गात शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस होते, चित्रकार नंदलाल बोस होते आणि मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरही होते. पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी १९५५ ला, ही नावं बदलली. पहिला वर्ग तो पद्मविभूषण, दुसरा तो पद्मभूषण, तिसरा ती पद्मश्री. नावं सुंदर झाली, पायऱ्या तशाच राहिल्या.

मग हे किताब नाहीत तर काय आहेत? हा प्रश्न अनेकांना पडला आणि काहींनी तो तडीस नेला. १९६९ साली आचार्य कृपलानींनी हे सन्मान बंद करावेत म्हणून लोकसभेत खासगी विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. १९७७ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने सन्मान खरोखरच बंद केले. १९७८ आणि १९७९ साली कुणालाही पद्म मिळालं नाही. १९८० साली इंदिरा गांधी परत आल्या आणि सन्मानही परत आले. ज्यांच्या सरकारने ते बंद केले त्या मोरारजींना १९९१ साली भारतरत्न मिळालं आणि त्यांनी ते स्वीकारलं. यावर काय बोलणार!

दुसरा खंड न्यायालयामुळे पडला. केरळ आणि मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयांत याचिका गेल्या, की हे पुरस्कार म्हणजे मागच्या दाराने आलेले किताबच आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९९३ ते १९९७ अशी पाच वर्षं पद्म पुरस्कार दिलेच गेले नाहीत. बालाजी राघवन खटला म्हणून तो ओळखला जातो. १५ डिसेंबर १९९५ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, हे किताब नाहीत, गुणवत्तेची कदर करणं समतेच्या विरोधात जात नाही, तेव्हा पुरस्कार घटनेला धरून आहेत. पण एक अट आहे. नावाच्या आधी किंवा नंतर लावले तर तो किताबच झाला, आणि तसं कुणी केलं तर पुरस्कार काढून घेता येतो. शिवाय निवडीचे निकष फार ढोबळ आहेत, त्यांचा गैरवापर होऊ शकतो, असंही न्यायालयाने सरकारला ऐकवलं.

म्हणजे आमच्या पाहुण्यांचा फोन हा विनय नव्हताच. गृह मंत्रालयाच्या सूचनांमध्ये लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर आणि पुस्तकं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. पुढे तेलुगू चित्रपटांच्या श्रेयनामावलीत नावाआधी ‘पद्मश्री’ लावल्यावरून दोन अभिनेत्यांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आपल्याकडच्या फ्लेक्सवर हा नियम रोज मोडला जातो आणि बहुतेक वेळा मोडणारा पुरस्कार मिळालेला माणूस नसतो, त्याच्यावर प्रेम करणारे माझ्यासारखे लोक असतात. परिचय करून देताना ‘यांना अमुक साली पद्मश्री मिळाली’ असं वाक्य सांगायला काहीच हरकत नाही. ती माहिती झाली. नावाला जोडलं की बिरुद होतं.

तीन पायऱ्यांमध्ये फरक काय, असं विचाराल तर कागदावर तो फक्त विशेषणांचा आहे. पद्मश्री ‘उल्लेखनीय सेवेसाठी’, पद्मभूषण ‘उच्च कोटीच्या उल्लेखनीय सेवेसाठी’ आणि पद्मविभूषण ‘असाधारण आणि उल्लेखनीय सेवेसाठी’. उल्लेखनीय कुठे संपतं आणि असाधारण कुठे सुरू होतं, हे मोजायची फूटपट्टी कुणाकडे नाही. न्यायालयाला जे ढोबळ वाटलं ते हेच असावं.

पायऱ्या आहेत म्हणून चढूनच जावं लागतं असंही नाही. जयंत नारळीकरांना १९६५ साली एकदम पद्मभूषण मिळालं. तेव्हा ते तिशीतही नव्हते. पद्मविभूषण आलं ते २००४ साली. सचिन तेंडुलकरला पद्मश्रीवरून थेट पद्मविभूषण मिळालं, मधली पायरी त्याने गाळली. लता मंगेशकरांना पद्मश्री कधी मिळालीच नाही. १९६९ साली पद्मभूषण, १९९९ साली पद्मविभूषण आणि २००१ साली भारतरत्न. उलट पंडित भीमसेन जोशींनी एकही पायरी सोडली नाही. १९७२ साली पद्मश्री, १९८५ साली पद्मभूषण, १९९९ साली पद्मविभूषण आणि मग भारतरत्न. सत्यजित राय आणि बिस्मिल्ला खाँ हेही असेच चारही पायऱ्या चढलेले. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक पुरस्कार मिळाल्यावर वरचा मिळायला साधारण पाच वर्षांचं अंतर लागतं, पण फारच लायक माणूस असेल तर समितीला ते सोडता येतं.

इथे एक घोटाळा निस्तरतो, कारण तो मी भल्याभल्यांना करताना पाहिलंय. भारतरत्न हा पद्म पुरस्कार नाही. तो वेगळा, सगळ्यांत वरचा सन्मान. त्याला समिती वगैरे नसते. पंतप्रधान राष्ट्रपतींना शिफारस करतात. वर्षाला साधारण तीनच, असा दंडक आहे, पण १९९९ साली चार आणि २०२४ साली पाच दिले गेले. आधी तो कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढ्यापुरताच होता. खेळाडूला देता यावा म्हणून २०११ साली नियमात ‘मानवी प्रयत्नांचं कोणतंही क्षेत्र’ असे शब्द आले आणि २०१४ साली सचिन हा तो मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. आणि ‘महाराष्ट्र भूषण’ हा राज्य सरकारचा, १९९६ साली पु. ल. देशपांड्यांपासून सुरू झालेला. त्याचा पद्मभूषणाशी नावापलीकडे संबंध नाही. पुलंना पद्मश्री आणि पद्मभूषण दोन्ही आधीच मिळालेले होते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आता कुणाला मिळतं आणि कुणाला नाही. क्षेत्रं दहाएक आहेत. कला, साहित्य-शिक्षण, विज्ञान-अभियांत्रिकी, वैद्यक, क्रीडा, समाजकार्य, उद्योग-व्यापार, सार्वजनिक जीवन, नागरी सेवा, आणि ‘इतर’ नावाचं एक गाठोडं, ज्यात योगापासून अध्यात्मापर्यंत बरंच काही मावतं. जात, धर्म, व्यवसाय, हुद्दा, स्त्री-पुरुष असा भेद नाही. बंदी एकच आहे. सरकारी नोकरीत असलेल्यांना, सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांना धरून, पद्म मिळत नाही. अपवाद डॉक्टरांचा आणि शास्त्रज्ञांचा. मग ‘नागरी सेवा’ हे क्षेत्र ठेवलंय कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपं आहे: ते निवृत्त झालेल्यांसाठी. खुर्चीत असताना सरकारने आपल्याच अधिकाऱ्याची पाठ थोपटायची नाही, एवढाच त्यामागचा विचार असावा, आणि तो मला पटतो.

डॉक्टर-शास्त्रज्ञांना सूट का, हेही उघड आहे. आपल्याकडे हयातभर सरकारी प्रयोगशाळेत आणि सरकारी दवाखान्यात काम करणारे कितीतरी. त्यांना निवृत्तीपर्यंत थांबवलं असतं तर विज्ञान आणि वैद्यक ही दोन्ही क्षेत्रं अर्धी रिकामी राहिली असती. वैद्यकातलं मला सगळ्यांत आवडणारं नाव महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. विंचू चावलेली माणसं कोकणात पटापट दगावत, तेव्हा त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून पाहिलं, निरीक्षणं लिहून ठेवली, जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आणली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या शहरातली काचेची इमारत येते. हे विज्ञान तालुक्याच्या गावात झालं.

मरणोत्तर पुरस्काराचा नियम मात्र अनेकांच्या जिव्हारी लागतो. सहसा पद्म मरणोत्तर दिलं जात नाही. दिलंच तर माणूस नुकता गेलेला असावा लागतो, म्हणजे त्या प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या साधारण वर्षभरात. याचा अर्थ काय होतो ते खाशाबा जाधवांकडे बघून कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. तिथून ते कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १९८४ साली अपघातात गेले. हयातीत पद्म नाही आणि गेल्यावर वर्षाची मुदत केव्हाच संपलेली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं, आणि त्यानंतरच्या पदकविजेत्यांच्या वाट्याला पद्म झटपट आलं. आलं ते योग्यच. पण खाशाबांचा विषय कोल्हापूर-साताऱ्याकडे कुस्तीच्या फडात निघाला की अजून आवाज चढतात, आणि ते बरोबरच आहे.

खेळाच्या बाबतीत आणखी एक. खेलरत्न, अर्जुन हे क्रीडा मंत्रालयाचे पुरस्कार. त्यांच्यासोबत रोख रक्कम असते. पद्म गृह मंत्रालयाकडून येतं आणि त्यासोबत एक पैसाही येत नाही. रेल्वेत सवलत नाही, विमानात नाही, घर नाही, पेन्शन नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि कांस्याचं पदक. पदकाच्या मधोमध उमललेलं कमळ, त्याच्या वर ‘पद्म’ आणि खाली ‘श्री’ अशी देवनागरी अक्षरं, मागे राजमुद्रा. कोलकात्याच्या अलिपूर टांकसाळीत ते घडतं. सोबत त्याची एक छोटी प्रतिकृती मिळते, समारंभात छातीवर लावायला.

निवड होते कशी? इथे लोकांच्या मनात दोन टोकांच्या कल्पना असतात. एक, दिल्लीत कुणीतरी ज्ञानी माणसं देशभर नजर ठेवून असतात आणि गुणी माणूस दिसला की त्याचं नाव टिपून घेतात. दोन, सगळं वशिल्यावर चालतं. पहिली कल्पना साफ चुकीची आहे. दुसरीबद्दल मी शपथेवर काही सांगणार नाही, पण प्रक्रिया कशी आहे ते सांगतो.

प्रत्येक नाव हे आधी एक अर्ज असतं. राज्य सरकारं, केंद्रीय मंत्रालयं, आधीचे भारतरत्न आणि पद्मविभूषण मिळालेले लोक यांच्याकडून शिफारशी मागवल्या जातात. पूर्वी मुख्यतः याच वाटेने नावं यायची, आणि साहजिकच ज्यांच्यापर्यंत ही वाट पोचायची त्यांचीच यायची. २०१६ च्या सुमारास ऑनलाइन नामांकन सुरू झालं आणि कुणीही नागरिक कुणाचंही, अगदी स्वतःचंही, नाव पाठवू शकेल असं झालं. २०१४ साली जेमतेम दोन हजारांच्या वर असलेली नामांकनं २०१९ च्या पुरस्कारांसाठी पन्नास हजारांच्या घरात गेली. हा आकडा मला फार बोलका वाटतो. लायक माणसं पाच वर्षांत वीस-बावीसपट झाली नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांना दार उघडं मिळालं.

अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर भरायचा. मुदत बदलत असते. बरीच वर्षं १५ सप्टेंबर होती, २०२६ च्या पुरस्कारांसाठी ३१ जुलै होती. नंतर ही नावं पद्म पुरस्कार समितीपुढे जातात. पंतप्रधान दरवर्षी ती नेमतात. कॅबिनेट सचिव अध्यक्ष, गृहसचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव सदस्य, सोबत चार ते सहा मान्यवर. समितीची शिफारस पंतप्रधानांकडे आणि राष्ट्रपतींकडे जाते, आणि २५ जानेवारीला यादी बाहेर पडते. ज्याला मिळालं त्याला बहुधा त्याच दिवशी फोन येतो. आधी लेखी संमती घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे कधीकधी जाहीर झाल्यावर नकार येतो. सतारवादक विलायत खाँ यांनी आणि इतिहासकार रोमिला थापर यांनी असा नकार दिला, तोही एकाहून अधिक वेळा.

एका वर्षात १२० हून जास्त पद्म द्यायची नाहीत असा नियम आहे. मग २०२५ साली १३९ कसे, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. ७ पद्मविभूषण, १९ पद्मभूषण, ११३ पद्मश्री. हिशेब असा: १२० च्या मर्यादेत मरणोत्तर आणि परदेशी किंवा अनिवासी भारतीय धरले जात नाहीत. त्या वर्षी १३ मरणोत्तर आणि १० परदेशस्थ. वजा केले की आकडा १२० च्या आत येतो. नियम शाबूत. याच यादीत अशोक सराफ होते आणि ‘अरण्यऋषी’ मारुती चितमपल्लीही. चितमपल्ली पद्मश्री घेऊन आले आणि काही आठवड्यांतच, जून २०२५ मध्ये, गेले. वयाच्या नव्वदीनंतर आलेला सन्मान. त्यांचं नाव लिहायला इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं का, की लिहूनही कुणी वाचलं नव्हतं?

समारंभ मार्च-एप्रिलच्या सुमारास राष्ट्रपती भवनात होतो. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे करोनामुळे लांबले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये लागोपाठ झाले. तेव्हा मी ते टीव्हीवर सलग बसून पाहिले होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, देशी बियाणांची बँक करणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या. कर्नाटकातल्या तुलसी गौडा, झाडांच्या जाणकार, अनवाणी चालत आलेल्या. आणि मंजम्मा जोगती. लोककलावंत, तृतीयपंथी. राष्ट्रपती रामनाथ कोविंद पुढ्यात उभे, आणि या बाईंनी आपल्या पदराने त्यांची दृष्ट काढली! राजशिष्टाचाराच्या कुठल्या पुस्तकात ते नसणार. राष्ट्रपती हसले, सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

ते बघूनच मी नानांचा अर्ज भरायचं ठरवलं.

नाना आमच्या भागातले गोंधळी. संबळ वाजवतात. वय ऐंशीच्या पुढे, पण संबळ कमरेला बांधली की हात असा बसतो की ऐकणाऱ्याच्या पायाला स्वस्थता राहत नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आता चार जिल्ह्यांत गोंधळ घालतात. अर्जात आठशे शब्दांपर्यंत कामगिरी लिहायची असते. मला वाटलं, आठशे शब्द म्हणजे काय, एका बैठकीत होतील.

जन्मतारखेपासून अडलं. दाखल्यावर १ जून. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जून आहे, मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली. पहिला गोंधळ कधी घातलात विचारलं तर म्हणाले, “थोरल्या भावाच्या लग्नाआधी दोन वर्सं.” शिकवायला कधी सुरुवात केली? “मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. काम न्हवतं, पोरं रिकामी होती, म्हटलं या बसा.” म्हणजे १९७२. अशी एकेक तारीख दुष्काळ, पूर आणि लग्नं यांच्यावरून काढावी लागली. किती जणांना शिकवलं, यावर ते हसले. “शिकवलं ते मोजायचं असतं व्हय?”

मी आधी जे लिहिलं ते वाचून आमच्या व्याख्यानमालेच्या त्याच पाहुण्यांनी कागद परत केला. म्हणाले, “तुम्ही साठ वर्षं संबळ वाजवतात एवढंच लिहिलंय. तेवढ्याने भागत नाही.” त्यांचं खरं होतं. मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की केवळ दीर्घ सेवा पुरेशी नाही, नुसती उत्तमताही नाही, तिच्यापलीकडचं काहीतरी हवं आणि त्यात लोकांसाठी काही केल्याचा अंश हवा. विशेषणं तिथे निरुपयोगी. ‘थोर’, ‘अलौकिक’, ‘अष्टपैलू’ हे शब्द तर त्या पन्नास हजारांतल्या प्रत्येक अर्जात असणार. मी ते सगळे खोडले. त्याऐवजी लिहिलं की आधी फक्त स्वतःच्या घराण्यात शिकवली जाणारी कला त्यांनी बाहेरच्या पोरांना शिकवली, त्यात मुलीही होत्या, आणि त्यासाठी भाऊबंदांचा रोष घेतला. लिहिलं की विस्मरणात चाललेली अमुक पदं त्यांच्याकडून उतरवून घेतली गेली आहेत. जिथे जे घडलं त्या गावाचं नाव, त्या माणसाचं नाव. हे लिहिताना मला जाणवलं की साठ वर्षं शेजारी राहून नानांविषयी मला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी झालं नाही. का झालं नाही, ते कळवत नाहीत. २५ जानेवारीला यादी आली, मी वरून खाली आणि खालून वर वाचली, मग फोन ठेवून दिला. नानांना सांगायला गेलो तर त्यांना आपण अर्ज केलाय हेच आठवत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा भरला, आणखी दोन गोंधळ्यांच्या आठवणी घालून. आता तिसऱ्यांदा भरतोय.

परवा आठशे शब्द त्यांना वाचून दाखवले. डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, “पैसं किती देत्यात?”

काहीच नाही, म्हटलं. पदक असतं.

“सोन्याचं?”

कांस्याचं.

थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “ते घालून गोंधळाला जाता येतं का?”

मी घरी येऊन नियम पुन्हा उघडला. छोटी प्रतिकृती शासकीय कार्यक्रमांत आणि समारंभांत लावता येते, एवढंच त्यात आहे. गोंधळ समारंभात धरायचा की नाही, ते लिहिलेलं नाही.